आमची वाटचाल : क्लिपर गेला, ब्लोअर राहिला

या पाडव्याला दुकानाला चौदा वर्षं झाली. पोरगी मागं लागली, पप्पा आता तरी लिहा, सगळेजण आपापल्या धंद्याची वाटचाल लिहितात. मी म्हणलं त्यात काय लिहायचं, कुत्री आली, धुतली, वाळवली, परत दिली. पण खरं सांगायचं तर एक-दोन गोष्टी पोटात आहेत त्या बाहेर पडल्या तर बरं, म्हणून बसलोय.

2012 ला टिळकवाडीत एक गाळा घेतला, मागं पत्र्याची शेड. मी आणि माझा मावसभाऊ, निम्मे निम्मे पार्टनर. तेव्हा बेळगावात कुत्र्याला आंघोळ घालायला पैसे घेतात हे सांगितलं की लोक हसायचे, आमचे वडील तर वर्षभर पाहुण्यांना माझा धंदाच सांगत नव्हते, पोरगा बिझनेस करतोय म्हणायचे आणि विषय बदलायचे. दोघांनी मिळून पहिली वस्तू घेतली ती क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन. पुण्यास्नं आणला, चौदा हजार, त्यातले सात माझे. हा आकडा लक्षात ठेवा.

दहा नंबरचं ब्लेड आणि चाळीस नंबरचं ब्लेड, एवढ्यावर आम्ही पहिलं वर्ष काढलं. ब्लेड दर दहा मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, चटका बसला की थांबायचं, तेल सोडायचं, पुसायचं. आजकालची पोरं गरम ब्लेड तसंच फिरवतात आणि मग पोटाखाली लाल झालं की शाम्पूला दोष. आणि उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड नाहीतर पॉमेरेनियन घेऊन येऊन टक्कल करा म्हणणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नका करू. त्यांना दोन थरांचे केस असतात, आतला थर उन्हापासनं पण सांभाळतो. मी नाही म्हणलं की ते शेजारच्या दुकानात जाऊन करून घेतात, जाऊ देत.

ब्लोअरचं, म्हणजे केस वाळवायच्या मशीनचं, मात्र वेगळं आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत टॉवेल वाळत नाही तिथं लॅब्राडॉर कुठनं वाळणार. केस आतनं ओले राहिले की दोन दिवसांत कातडी नासते, वास मारतो, मग खाजवून खाजवून जखम. कंपनीचा ब्लोअर परवडत नव्हता. उद्यमबागला एक वर्कशॉपवाला दोस्त आहे, त्यानं जुन्या मोटरवर पत्र्याचं घर बसवून, तोंडाला पाईप लावून ब्लोअर करून दिला, आंघोळीचा टब पण त्यानंच वेल्ड केला, कडेला कुत्र्याचा पट्टा अडकवायला कडी. आवाज असा की पहिल्यांदा चालू केला तेव्हा शेजारचा टेलर बाहेर आला. अजून चालतोय तो. दोनदा कार्बन बदलले, एकदा बेअरिंग, बस.

2013 ते 18 मध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही, धंदा चालला. बोर्डिंग, म्हणजे मालक गावाला गेले की कुत्री ठेवून घ्यायचं, ते सुरू केलं, गणपतीत आणि मे महिन्यात फुल. जीएसटी आला तेव्हा जनावराच्या खाद्याला काही नाही आणि कुत्र्याच्या खाण्याला 18 टक्के हे गिऱ्हाईकाला समजावता समजावता घसा बसला, तेवढंच.

रस्त्यावरची कुत्री आमच्याकडं कशी यायला लागली ते नीट आठवत नाही. कुणीतरी पहिलं आणून सोडलं असणार. खरूज झालेलं, अंगभर काळं ऑईल फासलेलं. आमच्याकडं ही एक वाईट खोड आहे, गॅरेजमधलं जळकं ऑईल आणायचं आणि कुत्र्याला चोपडायचं. चाटून चाटून ते पोटात जातं, खरूज जात नाही, कुत्रंच जातं. ते ऑईल काढायला मला भांड्याचा लिक्विड साबण घेऊन तीन आंघोळी घालाव्या लागल्या. केस आले तसं ते एका रिक्षावाल्यानं नेलं. मग लोकांना पत्ताच लागला. मावसभावाला हे पटत नव्हतं. तो म्हणायचा, फुकटची कुत्री आणि पैशाची कुत्री एका टबात नको. तो बरोबर होता, हे मला आता कबूल आहे, पण त्यानं ते ज्या पद्धतीनं सिद्ध केलं ते नाही.

2019 चा ऑगस्ट. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम वर. हायवे बंद, गोकाककडं पाणी गावात शिरलेलं, माणसं गंजी केंद्रात. गंजी केंद्र म्हणजे सरकारनं उघडलेली राहायची-जेवायची सोय, तिथं माणसांना जागा पुरत नव्हती तिथं कुत्र्याला कोण घेतंय. आम्ही दोन-तीन पोरं आणि एक टेम्पो, जमेल तेवढं फिरलो. सुती कासरा, बैलाचा असतो तो, त्याचा सरकफास करून कुत्री धरली, चावकं असलं तर तोंडाला बँडेजची पट्टी. अकरा कुत्री आणली. त्यातली सात पिल्लं एकाच आईची, दीडेक महिन्याची, पुलाच्या कठड्याला चिकटून बसलेली.

ओली कुत्री बघून मला दुसरं काही सुचलं नाही. सगळी टबात, सगळी टेबलावर, सगळ्यांना ब्लोअर. चौथ्या दिवशी एका पिल्लानं दूध सोडलं. संध्याकाळी उलटी, रात्री रक्ताची हगवण, आणि तो वास. ज्यांनी धंदा केलाय त्यांना तो वास सांगायची गरज नाही. पारवो, पिल्लांना होणारा आतड्याचा जीवघेणा विषाणूचा रोग.

डॉक्टर आले, शेड बघितली, टब बघितला आणि ब्लोअरकडं बोट करून म्हणाले, ह्यानं पिल्लाच्या अंगावरचे केस आणि पाणी अख्ख्या खोलीत उडवलं की ओ तुम्ही. ज्या ब्लोअरचं मी चार गावात कौतुक सांगत होतो तो ब्लोअर. आणि मी रोज दोन टाईम फिनाईल मारत होतो. फिनाईलनं पारवोला काहीही होत नाही, हे मला सात वर्षं धंदा करून त्या दिवशी कळलं. लिहून घ्या : आधी घाण काढून फरशी साबणानं धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ब्लीच वाया. आमच्या शेडला खाली कोबा होता, भेगा पडलेला, त्या भेगांत विषाणू महिनोन्महिने बसतो. सगळा उकरून टाइल्स घातल्या, उसने पैसे घेऊन.

सातातली पाच पिल्लं गेली. आई वाचली, दोन पिल्लं वाचली. आठ दिवस मी आणि बायको आलटून पालटून सलाईन धरून बसलो, खिळ्याला बाटली टांगून, थेंब मोजत.

आणि बोर्डिंगला असलेलं एक बीगलचं पिल्लू गेलं. त्याचा लसीचा एकच डोस झालेला, पुढचे राहिले होते, तेव्हा मी विचारलं नव्हतं, चूक माझी. मालक चांगला माणूस, चिडणं साहजिक होतं, त्यानं फेसबुकला लिहिलं. मी घरी जाऊन पाया पडलो, पैसे परत केले. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची.

पाठोपाठ पंधरा दिवसांत मावसभावानं हिशोब मागितला. माझी पाटी बंद, शेड उकरलेली, हातात दमडी नाही, आणि हा हिशोब मागतोय. दिला. निम्मी खुर्च्या-टेबलं, गिऱ्हाइकांची वही, आणि क्लिपर. माझे सात हजार आहेत त्यात म्हणलं तर म्हणाला दादा तुला कशाला लागतोय आता. दिवाळीनंतर अर्ध्या किलोमीटरवर काचेचं दुकान निघालं, एसी, आत गुलाबी दिवे, आणि बाहेर बोर्डवर मोठ्या अक्षरात, ‘येथे भटकी कुत्री घेतली जात नाहीत’. आता सांगा, हे कुणासाठी लिहिलं असेल? वहीतल्या एकेकाला फोन गेले. काय बोलला ते मला तीन गिऱ्हाइकांनी शब्दन् शब्द सांगितलं, इथं लिहीत नाही, मावशी अजून आहे.

तीन महिने गल्ल्यात रोज शंभर-दोनशे. लाईटबिल सासऱ्यांनी भरलं.

तेव्हा एकच माणूस यायचा. सुभेदार साहेब, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, कॅम्पच्या बाजूला राहतात. त्यांचा म्हातारा लॅब्राडॉर, कंबर गेलेला. दर दुसऱ्या रविवारी बरोबर नऊला स्कूटर, पुढं लॅब. मी म्हणलं साहेब तुमच्या कुत्र्याला काही झालं तर, थोडे दिवस थांबा. तर म्हणाले, त्याचे सगळे डोस झालेत, माझेपण झालेत, तू ब्लोअर चालू कर. आणि स्टुलावर बसून तरुण भारत वाचायचे, मुद्दाम दारात, रस्त्यावरनं दिसेल असं. एकदाही घासाघीस केली नाही. एकदा म्हणले, फौजेत आजारी घोड्याच्या पागेला कुणी काचेचं दार लावत नाही. म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण बरं वाटलं.

वाचलेल्या दोन पिल्लांतली एक, पांढरट तपकिरी, तिचं नाव बायकोनं कुंदा ठेवलं होतं, आपल्या कुंद्याच्या मिठाईसारखा रंग म्हणून. पारवोतनं उठलेली, पोट खपाटीला, चालताना मागचे पाय वाकडे. सुभेदार साहेबांच्या लॅबच्या पोटाशी जाऊन झोपायची. लॅब 2020 च्या जानेवारीत गेला. फेब्रुवारीतल्या रविवारी नऊला स्कूटर आली, पुढं कुणी नाही. म्हणाले, सवयीनं आलो. पेपर वाचला. जाताना कुंदा स्वतःच स्कूटरच्या फूटबोर्डवर चढून बसली. मी काही केलं नाही, शपथ. फॉर्म भरून घेतला, नसबंदीची तारीख लिहून दिली, आणि आत जाऊन नळ चालू ठेवला थोडा वेळ.

गोकाकातनं आणलेलं एक मोठं कुत्रं होतं, गळ्यात साखळी रुतलेली, कातडीच्या आत. लहानपणी बांधली आणि कुणी सैल केली नाही, कुत्रं वाढलं, साखळी तेवढीच. डॉक्टरांनी कटरनं तोडून काढली. आत किडे. किडे मारायची नेगासंट पावडर, रोज ड्रेसिंग, जखमेला तोंड लावू नये म्हणून गळ्यात घालायचा ई-कॉलर मिळेना तर खडेबाजारातनं प्लास्टिकची बादली आणून बूड कापून घातली. जखम भरली पण ते कुणाचं ऐकेना. ये म्हणलं तरी बसलेलं, बस म्हणलं तरी उभं, ताट पुढं ठेवलं तरी कोपऱ्यात. आम्ही म्हणलं बहिरं आहे. एक दिवस झाडलोट करायला येणाऱ्या अक्का त्याला कन्नडात म्हणाल्या, बा इल्ली, ऊटा माडु (इकडं ये, जेव). उठलं, शेपूट हलवत आलं आणि ताट चाटून पुसून मोकळं. कुंद्रु (बस) म्हणलं की बसलं! बारा दिवस आम्ही त्याच्याशी मराठीत बोलत होतो. निपाणीच्या एका कुटुंबानं ते नेलं, आजींनी फ्रिजवर कागद चिकटवलाय, बा, कुंद्रु, बेडा (नको), ऊटा. आता त्याला दोन्ही भाषा कळतात आणि ते कुठल्याच भाषेत ऐकत नाही असं आजी सांगतात. (आमच्या दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड केलंय आम्ही नियमाप्रमाणं. भुंकण्याचे टक्के अजून कुणी ठरवले नाहीत.)

लॉकडाऊन लागला तेव्हा बोर्डिंगला चार कुत्री होती, मालक पुण्या-बेंगळुरात अडकलेले. दोघं आले नंतर. दोघांचे फोन पहिल्यांदा बिझी, मग बंद. एक पग आणि एक डॉबरमन, पेपर सकट जातिवंत. तेव्हापासनं रस्त्यावरची कुत्री आणि पैशाची कुत्री हा फरक मी करायचा सोडला. वर्षाभरानं लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली पिल्लं पण यायला लागली. ती नवीन घरी द्यायची, डोस तपासून, वेगळ्या शेडमध्ये चौदा दिवस ठेवून, वेगळा टब, वेगळा ब्लोअर (तोच उद्यमबागवाला, दुसरा करून दिला). आणि कुत्री बघायला आलेली माणसं ब्लोअरचा आवाज ऐकून विचारायची, आमच्या टॉमीला पण करता का हो आंघोळ. असं करत गिऱ्हाईक परत आलं. जाहिरातीला एक पैसा घातला नाही.

कुत्रं न्यायला येणाऱ्यांना एवढंच सांगतो. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा, नेल्यावर नको. पहिले तीन दिवस ते पलंगाखाली बसणार, बसू दे. पाहुणे बोलावू नका. अंग दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन-ब्रुफेन देऊ नका, मरतात. पोराला वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून हवं असेल तर सायकल घ्या.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन. नंबर सेव्ह होता, चौदा वर्षांत डिलीट केला नव्हता. मावसभाऊ. म्हणाला दादा, एकजण लॅब बोर्डिंगला ठेवून दुबईला गेला, तीन महिने झाले, पैसे नाहीत, फोन नाही, मला ठेवता येत नाही रे, तू बघतोस का. काचेच्या दारापाशी गेलो. आत गेलो नाही, त्यानं बोलावलं पण नाही नीट. लॅब आणलं. निघताना म्हणलं, क्लिपर? तर म्हणतो, दादा तो कधीच जळाला. मला नाही वाटत. दहा नंबरचं ब्लेड काउंटरवर दिसत होतं मला.

लॅब चौदा दिवसांचं वेगळं राहणं संपवून आता मागच्या शेडमध्ये आहे. नर, पाच-सहा वर्षांचा, काळा, नसबंदी झाली, सगळे डोस झाले, अँटी रेबीजसकट. ब्लोअरला घाबरत नाही. घर स्वतःचं असेल तर रविवारी नऊनंतर या, सुभेदार साहेब आणि कुंदा पण असतात.