आमची वाटचाल : पाण्याचं वजन

तण काढून द्यायचा आमचा धंदा सुरू झाला डाळिंबाच्या फवारणीतून. एक एचटीपी (जास्त दाबानं फवारणारा) पंप, दोनशे लिटरची टाकी आणि हप्त्यावरचा जुना टेम्पो. बहार धरला की मोहोळ-पंढरपूरकडे दिवसरात्र पळापळ, बहार संपला की टेम्पो दारात उभा. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून मग बांधावरचं गाजर गवत, कॅनॉलकडेची वेडी बाभूळ, मिळेल ते काढायला लागलो. वेडी बाभूळ नुसती तोडली की दुप्पट फुटते, बुडखा उकरावाच लागतो, एवढं पहिल्याच वर्षी कळलं. पण खरी शाळा झाली ती जलपर्णीत.

पहिलं मोठं काम शहरालगतच्या एका तलावाचं. दर ठरला टनावर. हिरवागार गालिचा बघून मी मनात हिशोबही करून टाकला! जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हे काट्यावर कळलं. ओली ट्रॉली नेली तर वजन झकास. दोन दिवस काठावर वाळत ठेवली तर हातात काहीच उरत नाही. म्हणजे तलावातलं पाणीच डिझेल जाळून आम्ही काट्यापर्यंत वाहत होतो आणि त्याचं बिल लावत होतो. दुसरी गोम अशी, की टनावर काम असलं की गडी दाट पट्ट्यातच आकडी टाकतो. पाणकणसात, म्हणजे काठच्या उंच पाणगवतात, अडकलेल्या चार विरळ रोपांना वजन नसतं, तिकडे कोण जातं? उबदार, सांडपाण्यानं माजलेल्या पाण्यात हीच रोपं पंधरवड्यात दुप्पट होतात. दिवाळीला तलाव पुन्हा हिरवा. लोक म्हणाले, "तुम्हीच मुद्दाम ठेवलीत." मुद्दाम नाही, पण ठेवली होती हे खरंच.

त्यानंतर मी शहाणपणा केला आणि एका शेततळ्यात तणनाशक मारलं. जलपर्णी आठवड्यात पिवळी पडून तळाला बसली, कुजली, पाण्यातला प्राणवायू खाऊन गेली. एका सकाळी मालकाचे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. भरपाई दिली. तेव्हापासून पाण्यात औषध नाही, आणि पाण्याच्या कडेलाही शक्यतो नाहीच.

मग दरच बदलला. टन बंद. वर्षाचा करार, आणि मोजायचं ते मोकळं पाणी. एकदा पूर्ण साफ करायचं आणि मग दर पंधरा दिवसांनी होडीतून फेरी. हे काम आमच्या मामांचं. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, उजनीच्या पाण्यात हयात गेलेले मासेमार. पाणकणसाचे ताटवे ते हातानं बाजूला करतात. आत तळहाताएवढं रोपटं दिसतं : फुगीर देठ, खाली काळपट पिसासारखी मुळं, आणि बाजूला धाग्याएवढ्या खोडावर लटकलेलं त्याचं पिल्लू. मामा आधी पिल्लू शोधतात, मग आई उचलतात. धागा तुटला की पिल्लू वेगळा संसार थाटतं. गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून उन्हाळ्यात उघडी पडलेली कड पावसाळ्यात पुन्हा बुडाली की आम्ही फेऱ्या वाढवतो. उपसलेली जलपर्णी काठावर ठेवायची नाही, लगेच लांब न्यायची. शेणाबरोबर कुजवून चांगलं खत होतं, मात्र कारखान्याचं पाणी उतरतं त्या ठिकाणची आम्ही शेतात देत नाही.

गाजर गवताचं वेगळं. ते फुलायच्या आत, ओल असताना, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्या, नाहीतर खाज आणि दमा. सुरुवातीला मी हातमोज्यांचा खर्च वाचवला होता. एका मावशींच्या कोपरापर्यंत चट्टे उठले आणि महिनाभर त्या कामावर आल्या नाहीत. त्यांची मजुरी मी दिली, पण तोंड वर करून बोलता येईना. आता पावसाळ्यात पडीक रानात मेक्सिकन भुंगेरेही सोडतो. 1984 मध्ये हे किडे पहिल्यांदा बंगळूरला सोडले गेले. गाजर गवताचा पाला ते चाळणी करून टाकतात, थंडीत मात्र जमिनीत जाऊन झोपतात, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर टाकून चालत नाही. एका बागायतदारांनी बांधावर ते पाहिले, आपली डाळिंबं खातील म्हणून घाबरले आणि रात्रीतून फवारून मोकळे झाले. सकाळी फोन आला, "तुमची कीड मारली बरं का, बिल पाठवू?"

यंदा एका तलावाच्या निविदेत पुन्हा तोच रकाना : अंदाजे किती टन? आम्ही तिथं शून्य लिहिलं आणि सोबत वर्षभराच्या फेऱ्यांचा तक्ता जोडला. काम दुसऱ्याला गेलं. मृगाच्या तोंडावर तिकडून जाताना पाहिलं, उपसलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवलेली होती, पाण्यापासून चार पावलांवर. मामा काही बोलले नाहीत, नुसतं आभाळाकडे बघितलं.