सपाटी, घाट, खिंड आणि ओढे: छोट्या मोटरसायकलींचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्ती

मार्ग असा होता: आधी उन्हातला लांबलचक सपाट हमरस्ता, मग घाटाची सलग चढण, वर साधारण 4,500 मीटरची खिंड आणि पलीकडे ओढे ओलांडत उतरणारा कच्चा रस्ता. गाड्या 100 ते 150 सीसीच्या. बहुतेक कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), थोड्या इंजेक्शनच्या (पंप आणि सेन्सरच्या आधारे पेट्रोल सोडणाऱ्या); सगळ्यांवर सामान, काहींवर डबलसीट. अशा मार्गावर छोट्या गाड्या कुरकुर करणारच. पण कुठल्या टप्प्यावर कुठला दोष उपटतो हे बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून हा वृत्तांत दिवसांच्या क्रमाने न लिहिता रस्त्याच्या क्रमाने लिहिला आहे.

मागून येणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची तर ती ही: पाना काढण्याआधी गाडी कशी बंद पडली ते आठवा. बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद झाली असेल तर करंटकडे पाहा: प्लगची टोपी, किल स्विच, फ्यूज, साइड स्टँडचा स्विच. आचके देत, दम टाकत, थ्रॉटल पिळूनही न उचलता बंद झाली असेल तर पेट्रोल पोचत नाही. धूर काढत, जड होत बंद झाली तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. एवढं ओळखलं की अर्धं काम झालं. बंद पडलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर लगेच खोलायचा हा हमखास वेळ खाणारा प्रकार आहे; त्यात स्क्रूचे खाचे झिजतात आणि मूळ दोष टाकीच्या झाकणात तसाच राहतो.

सपाटीवर

झाकणाचं उदाहरण इथलंच. गाडी पंधरा-वीस मिनिटं उत्तम चालते, मग आचके देऊन बंद पडते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होते आणि तेवढंच अंतर जाऊन परत बंद. टाकीच्या झाकणात हवा आत यायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं, किंवा त्यावर टाकीची बॅग घट्ट बसली, की पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. गाडी बंद पडताच झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. भोक हवेच्या झोताने साफ करा, बॅग थोडी मागे सरकवा.

झाकण निर्दोष निघालं तर फ्लोटच्या वाटीखालचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी) ड्रेन स्क्रू पहा. इंजिन थंड होऊ द्या, आसपास विडी-सिगारेट नको. स्क्रूखाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू ढिला करा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवा. आधी वाटीतलं पेट्रोल पडेल, नंतर अखंड धार लागली पाहिजे. धार न लागता थेंबथेंब येत असेल तर कॉकची जाळी, पाइपची मुडप किंवा नंतर बसवलेला फिल्टर अडलाय. बाहेरून फिल्टर लावताना बाण पेट्रोलच्या दिशेने हवा आणि पाइपला कुठेही वर चढण असू नये. पंप नसलेल्या गाडीत पेट्रोल फक्त उतारावर येतं, चढावर हवेचा बुडबुडा अडकून बसतो.

धार नीट आहे आणि तरी गाडी बिघडलेली वागते, तर ती कुठल्या थ्रॉटलला बिघडते ते पहा. चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढल्याशिवाय स्लोला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर, उभीच राहत नाही, पण रेस दिली की ठीक चालते: पायलट जेट (स्लोसाठी पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) बुजला. स्लो छान, पण अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे मिसिंग करते: मेन जेट बुजला किंवा पेट्रोल कमी पडतंय. वाटीच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळतंय: फ्लोटच्या नीडलखाली (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई) कचरा अडकला. शेवटच्या दोषात खोलण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलक्या टपल्या मारा, बऱ्याचदा कचरा सुटतो आणि नीडल पुन्हा बसते. जेट साफ करायला क्लीनर आणि हवा वापरा, फार झालं तर नायलॉनचा केस. लोखंडी तार घालू नका. पितळेचं भोक सुताभरही वाढलं की मिश्रण कायमचं बिघडतं.

कॅनमधलं पेट्रोल

पंप संपले की कॅन आणि ड्रममधलं पेट्रोल घ्यावं लागतं, आणि त्यात पाणी, गंज, धूळ तिन्ही असू शकतात. बारीक जाळीचं नरसाळं सोबत हवंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन दोन मिनिटं स्थिर ठेवा, खाली वेगळे गोळे किंवा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये धोका जास्त: इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर एकदम तळाशी वेगळा होतो. गाडी मग उताराच्या एखाद्या वळणावर अचानक बंद पडते, कारण कॉकमध्ये नेमका तोच थर शिरतो. अशा वेळी वाटी रिकामी करून भागत नाही. कॉकखालून बाटली भरेपर्यंत पेट्रोल काढा, शुद्ध धार दिसेपर्यंत.

अंतराचा हिशेबही इथेच चुकतो. सपाटीवर लिटरला 55 किलोमीटर देणारी गाडी सामानासह चढणीवर 40 देईल असं धरून चाला. कॅन काठोकाठ भरू नका, पेट्रोल फुगायला वर जागा सोडा. आणि निघताना कॉक रिझर्व्हवर राहिलेला नाही ना हे बघाच. रिझर्व्हवर चालवून पेट्रोल संपवलं तर मागे काहीच उरत नाही.

घाटात

चढणीवर ‘इंजिन उचलत नाही’ ही तक्रार वारंवार आली आणि तिचं कारण बहुतेकदा इंजिनात नव्हतंच. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. लिव्हरला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती शून्य असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटी जळतात. चेन फार ताणलेली असेल किंवा मागचा ब्रेक घासत असेल तरी गाडी जड होते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. सहज फिरलं पाहिजे.

ऑइल रोज सकाळी तपासायचं. छोट्या इंजिनात एकूण लिटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी ऑइल असतं. त्यातलं 200 मिलिलिटर कमी झालं तर तो पाचवा हिस्सा झाला. गाडी सरळ उभी करा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग ऑइल मोजायची काडी पुसून पहा. कित्येक गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते; पुस्तिकेत पहा, नाहीतर पातळी खोटी दिसते. तीन-चार किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत चढलेली गाडी माथ्यावर लगेच बंद करण्याऐवजी मिनिटभर सावकाश चालू द्यावी. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पात्यांवरचा चिखल काढा. तो तसाच ठेवणं म्हणजे इंजिनाला पांघरूण घालणं.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) प्रवासाला निघण्याआधीच तपासलेले बरे. बऱ्याच छोट्या इंजिनांत फट 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. मोजायची ती थंड इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना. थोडा टिकटिक करणारा टॅपेट चालतो. आवाज यावाच नाही म्हणून घट्ट केलेला व्हॉल्व्ह मात्र गरम झाल्यावर पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं, कडा जळते आणि गाडी तापली की किक मारून मारून सुरू होत नाही.

उंचीवर

3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के राहतो, 4,500 वर जेमतेम 57 टक्के. इंजिनात भरणारी हवाच विरळ, त्यामुळे ताकद कमी होणारच. तो दोष नाही, त्यावर उपायही नाही. पण कार्ब्युरेटरला हे कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो त्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. काळा धूर, पेट्रोलचा वास, जड स्लो आणि काळा कोरडा प्लग ही त्याची लक्षणं.

प्लग पाहणं इथे सगळ्यात कामाचं. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीसारखं काळं कोरडं, तर पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओलं, तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे आत पेट्रोल साचलंय. तेलकट काळं, तर ऑइल जळतंय. पांढरंफटक, तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आणि इंजिन तापतंय. साफ करून फट 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान, पुस्तिकेत असेल तेवढी ठेवा. प्लग आधी हाताने शेवटपर्यंत बसवा आणि मग पाना लावा: नवा असेल तर अर्धा फेरा, वापरलेला असेल तर फेऱ्याचा आठवा ते चौथा भाग. तिरका चढवून आटे मारले तर हेडच गेलं.

खिंड काही तासांत ओलांडून खाली यायचं असेल तर जेटला हात लावू नका. गिअर एक खाली ठेवा, थ्रॉटल सावकाश उघडा, स्लो थोडा वाढवा. वर मुक्काम असेल तरच मेन जेट एक-दोन नंबर लहान लावा. थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या नीडलला (फ्लोटची नव्हे) क्लिपच्या खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घ्या. नीडल तेवढी खाली बसते आणि पेट्रोल घटतं. मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडला की मिश्रण लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तो बंद केला की लीन होतं. अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त हलवू नका आणि मूळ फेरे लिहून ठेवा. जादा हवेसाठी एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला वाटेत मिळतो, तो ऐकू नका. धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून टाकते.

फिल्टर साफ करतानाही प्रकार ओळखा. स्पंजचा धुऊन, सुकवून, हलकं ऑइल लावून परत बसतो. कोरड्या कागदाचा आतून बाहेर हवा मारून साफ होतो. ऑइल लावलेला चिकट कागदी फिल्टर मात्र साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

गारठलेल्या सकाळी लोक पूर्ण चोक ओढून किक मारत बसतात. उंचीवर मिश्रण आधीच रिच, त्यात पूर्ण चोक, म्हणजे दहाव्या किकला गाडी ओव्हर. अर्धा चोक पुरतो. ओव्हर झालीच तर कॉक बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका मारा. तरी नाही तर प्लग काढून पुसा आणि भोकातून वाफ जाऊ द्या. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते.

धुक्यात आणखी एक फसवा दोष भेटतो. शून्य ते दहा अंशांच्या दमट हवेत कार्ब्युरेटरच्या नरड्यात बर्फ धरतो. गाडी स्लो सोडते, मग बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि खोलून पाहणाऱ्याला आत काहीच सापडत नाही.

ओढ्यात

गुडघाभर पाण्यात गाडी मध्येच गुदमरते, तेव्हा पाणी आत गेलंय असं वाटतं. कित्येकदा फक्त कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्यांची खाली लोंबणारी टोकं बुडालेली असतात. वाटीवर हवेचा दाब राहत नाही आणि पेट्रोल वर चढत नाही. निघण्यापूर्वीच नळीत टी जोड घालून एक फाटा सीटखाली वर नेला की हा त्रास जातो.

पलीकडे मिसिंग करत असेल तर प्लगची टोपी काढून आतून पुसा. हेडवर प्लगच्या खड्ड्यातून पाणी जायचं भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असतं. काडीने मोकळं करा.

एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) खरंच पाणी शिरलं असेल तर किक किंवा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर पाडा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय पुढे निघू नका.

इंजेक्शनच्या गाड्या

उंचीचा फरक या गाड्या सेन्सरच्या आधारे बऱ्यापैकी सांभाळून घेतात. त्यांचे दोष वेगळे. चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाजच नाही तर आधी फ्यूज आणि किल स्विच पहा. गाडी पडून उचलली आणि सुरू होत नाही, तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. कलल्याचं ओळखणारा सेन्सर पंप बंद करतो आणि चावी फिरवल्याशिवाय सोडत नाही. टाकी तळाला जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर लांब आणि आखूड लुकलुक मोजा. अनेक गाड्यांत लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक, आणि तो आकडा पुस्तिकेतल्या तक्त्यात सापडतो.

उतरताना

वर लहान जेट लावला असेल तर खाली येताच मूळ जेट परत लावा, क्लिप आणि स्क्रूही जागेवर आणा. दाट हवेत लहान जेट म्हणजे लीन मिश्रण. गाडी आधी हलकी, चपळ वाटते आणि त्यामुळेच लोक विसरतात. मग लांब चढावर वरच्या गिअरला खडखड सुरू होते. ती फक्त जोर पडल्यावर येते, टॅपेटची टिकटिक मात्र रेसबरोबर सतत असते. खडखड ऐकू आली तर थ्रॉटल सोडा, गिअर खाली घ्या, इंजिन थंड होऊ द्या आणि प्लग पहा. तो पांढरा निघाला तर मूळ जेट बसवेपर्यंत गाडी पळवू नका. त्या अवस्थेत पिस्टनला भोक पडतं.