निळा स्क्रीन आणि बाबांचा ‘ऱ्या’

बाबांचा लॅपटॉप आठ वर्षांचा. त्याच्या जुन्या सिस्टीमचे, म्हणजे विंडोज १० चे, नेहमीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि नवी आवृत्ती त्यावर चढेना. चांगलं चालणारं मशीन भंगारात द्यायला मन तयार होईना. म्हणून एका रविवारी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकली. शेजारी जुनी सिस्टीमही राहू दिली, सोसायटीचे हिशेब तिच्यातच आहेत.

मिंट बसलं पटकन, पण वाय-फाय दिसेचना. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट घेतलं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने सुचवलेला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, तो ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन आला. काही बिघडलं असं वाटून मी घाबरून ‘कंटिन्यू बूट’ निवडलं. वाय-फाय नाहीच. पुन्हा रीस्टार्ट केलं, तर आता तो निळा स्क्रीनही येईना.

संध्याकाळ वाचण्यात गेली तेव्हा उलगडा झाला. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असलं की ओळखीच्या डिजिटल किल्लीची सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आत घेत नाही. आपल्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर मशीनचीच किल्ली सही करते, पण ती किल्ली मान्य आहे हे मशीनसमोर बसलेल्या माणसाने एकदा सांगावं लागतं. तेवढ्यासाठीच तो निळा स्क्रीन. मी तो टाळला आणि किल्ली मान्य करण्याची विनंती रद्द झाली. टर्मिनलमधून मोकयूटिल या कमांडने ती पुन्हा नोंदवली, रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मॉक’ (किल्ली नोंदवा) निवडलं, पासवर्ड दिला. वाय-फाय आलं! सिक्युअर बूट सरळ बंद करा, असं अनेक जण सुचवतात. मला ते पटत नाही. ही सोय आहे तर वापरावी.

मग जुन्या सिस्टीममध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागलं. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, जुनी सिस्टीम मात्र त्यालाच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, एका कमांडचं काम.

खरी कसोटी मराठीची होती. बाबांना रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय. मी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड लेआउट जोडला आणि बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. आठवडाभरात त्यांचा हात बसला, फक्त ‘पदाधिकाऱ्यांनी’ लिहायला गेले की ‘पदाधिकार्यांनी’ उमटायचं. इतिवृत्तात असली चूक त्यांना खपत नाही. शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य, असं करून दाखवलं. त्यांनी तो शब्द तीनदा टाइप केला, आणि मग मागच्या सभेच्या इतिवृत्तातले सगळे ‘र्या’ शोधून एकेक दुरुस्त करत बसले.