आमची वाटचाल: हातातून गेलेल्या गाड्या

गॅरेज टाकलं १९९१ ला. पद्मावतीजवळ, आंबिल ओढ्याच्या कडेला, पत्र्याचं शेड. मी आणि माझा भागीदार. तो डेंटिंग-पेंटिंग बघायचा, मी इंजिन आणि वायरिंग. त्या वेळी पुण्यात जिकडे बघाल तिकडे प्रीमियर पद्मिनी गाड्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पुढची पंधरा-वीस वर्षं बरी गेली, पोरांची शिक्षणं झाली, शेडला भिंती आल्या, त्याबद्दल अजून काय लिहू. रात्री झोप लागत नाही तेव्हा डोळ्यासमोर येतात त्या मी न घेतलेल्या गाड्या, म्हणून त्याच लिहितोय.

पहिली डुक्कर फियाट. शनिवार पेठेत एका वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या आत उभी असायची. तीच ती, १९५४ पासून आपल्याकडे आलेली गोल पाठीची फियाट ११००, पुढची दारं उलटी उघडणारी आणि गिअर स्टिअरिंगला. आजोबा होते तेव्हा दर सहा महिन्यांनी माझ्याकडे यायची. एकदा स्पीडोमीटरच्या काचेला तडा गेला, नवी काच कुठेच मिळेना, तेव्हा मीच अराल्डाइट लावून ती बसवली होती आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळा थेंब राहिला होता. आजोबा गेले. २००६ ला आजींनी निरोप पाठवला की गाडी तूच घे, तुला तिची सवय आहे. त्या साठ हजार म्हणाल्या, मी पंचेचाळीस म्हणलं, आणि वर म्हणलं आजी दिवाळीनंतर बघू, आत्ता पैसे गुंतलेत. पैसे गुंतलेले नव्हते. मला वाटलं गाडी कुठे पळून जाते.

दिवाळी झाली, लग्नसराई आली, मी गेलो थेट जानेवारीत. वाडा बिल्डरला दिलेला, आजी पुतण्याकडे राहायला गेलेल्या, आणि गाडी पुतण्याने भंगारवाल्याला किलोवर घातली होती. शहाबादी फरशीवर तेलाचा काळा डाग आणि चाकांखाली लावलेल्या चार विटा, एवढंच उरलं होतं. पुढे दोन वर्षांनी रविवारी जुन्या बाजारात फिरत होतो, एका पथारीवर नळाच्या तोट्या आणि जुन्या कुलपांच्या ढिगात एक मीटर दिसला. उचलला तर खालच्या कोपऱ्यात पिवळा थेंब. ऐंशी रुपये सांगितले, मी घासाघीस केली नाही.

त्याच्या नंतरची हेरल्ड. ही जास्त लागते कारण ही दुसऱ्याने नेली, आणि दुसरा म्हणजे माझाच भागीदार.

त्याच्या हाताबद्दल आधी लिहितो, नाहीतर खोटं होईल. तो मडगार्डच्या आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायचा आणि वरून हातोडी अशी मारायचा की पत्रा हळूहळू स्वतःहून जागेवर यायचा. लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला त्याला आवडायचंच नाही, म्हणायचा लांबी म्हणजे चोरी. इतका सफाईदार हात मी परत बघितला नाही. २०१२ ला प्रभात रोडच्या एका बंगल्यात दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड असल्याचं मला कळलं, पहिला मालक, मद्रासचीच बॉडी, सगळे कागद जागेवर. हेरल्डचं वेगळेपण काम केलेल्यालाच कळतं, अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं, बॉडी चासीवर तुकड्या-तुकड्यांनी बोल्ट केलेली, आणि वळते तर गल्लीत रिक्षासारखी. मी बघून आलो आणि संध्याकाळी चहा पिताना भागीदाराला सगळं सांगितलं. पत्ता, किंमत, मालकाचा स्वभाव, सगळं. म्हणलं शनिवारी दोघं जाऊ, निम्मे-निम्मे घालू. हा पठ्ठ्या त्याच रात्री एकटा जाऊन इसार देऊन आला. शनिवारी मी बेल वाजवली तर मालक म्हणाले, अहो तुमच्याच माणसाला दिली की.

महिन्याभरात तो वेगळा झाला, बायपासला स्वतःचा व्हिंटेज गाड्यांचा धंदा टाकला. त्या हेरल्डमध्ये त्याने मारुतीचं इंजिन बसवलं, मेटॅलिक लाल रंग मारला, अलॉय व्हील लावले आणि लग्नाला भाड्याने द्यायला लागला. गाडी नेली याचा राग चार वर्षांत कमी झाला असता. पण लांबीला चोरी म्हणणाऱ्या माणसाने ओरिजिनल इंजिन भंगारात घातलं, ते मला अजून पचत नाही. इंजिन मला दिलं असतं तर मी पैसे मोजले असते. त्याच्याकडची दोन पोरं नंतर माझ्याकडे कामाला आली, त्यांना मी पहिल्या दिवशी सांगितलं की इथे इंजिन बदलत नाहीत.

मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. कात्रजकडून पाण्याचा लोंढा आला आणि ओढा रस्त्यावरून वाहायला लागला, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत माणसं आणि गाड्या वाहून गेल्या. माझ्या शेडमध्ये पाच गाड्या होत्या, पाणी बॉनेटच्या वर. सकाळी शटर उचललं तर गुडघाभर गाळ आणि त्यात माझे पाने, फीलर गेज, तीस वर्षांत जमवलेले डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरचे डबे. इन्शुरन्स नव्हता. ऑइल सोडलं तर इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतून चहासारखं पाणी आलं, डायनॅमो गेले, वायरिंग गेली, सीटमधला काथ्या फुगून वास मारायला लागला. पोरांना म्हणलं दुसरीकडे काम बघा.

त्या पाच गाड्यांत एक फियाट सुपर सिलेक्ट डेक्कनच्या वकीलसाहेबांची. ते १९९३ पासून आमचे गिऱ्हाईक, कधी बिल वाचून बघितलं नाही. पाचव्या दिवशी पँट वर करून गाळातून आत आले, स्वतःच्या गाडीकडे बघितलं पण नाही, माझ्या हातात पाकीट दिलं, पन्नास हजार. म्हणाले, "माझी गाडी शेवटी कर, आधी लोकांच्या कर." त्यावर गॅरेज परत उभं राहिलं.

पण त्या पुरापायी अजून एक गेली. १९६८ ची फियाट डिलाइट, एक मालक, फिकट निळी. मी तिला वीस हजार इसार दिला होता. ऑक्टोबरमध्ये पोरांचा पगार द्यायला तो इसार परत मागायची वेळ आली. गाडीच्या मालकीणबाईंनी एक रुपया न कापता परत दिला आणि म्हणाल्या, मी दोन महिने थांबते. मला दोन महिन्यांत जमलं नाही. गाडी ट्रकवर चढवून परराज्यात गेली.

आता घेणाऱ्यांना सांगतो. रंगाकडे बघू नका, खिशात स्पीकरचं जुनं लोहचुंबक ठेवा आणि पत्र्यावर फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे लांबी आहे. मॅट उचलून फ्लोअर बघा. आरसी बुकावरचा चासी नंबर पंच केलेल्या नंबरशी स्वतः जुळवा आणि मालक वारलेले असतील तर सगळ्या वारसांची सही घ्या. पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला २०२१ पासून व्हिंटेज गाडीचा व्हीए नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षं चालते. फियाट घेताना पार्टला घाबरू नका, डुक्करपासून पद्मिनीपर्यंत तेच १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी एकेक करत रस्त्यावरून गेल्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ ला, त्यांचे पार्ट मी बरेच उचलून ठेवलेत. आणि मालकाने आकडा सांगितला आणि तो तुम्हाला पटला, तर खिशात असेल तेवढा इसार तिथेच द्या. दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

वकीलसाहेबांची सुपर सिलेक्ट अजून माझ्याकडेच येते, आता त्यांची मुलगी चालवते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप मीच लावतो, पोरांना हात लावू देत नाही. गॅरेज रविवारी बंद असतं. अर्जंट असेल तर सकाळी अकरापर्यंत जुन्या बाजारात मिळेन, हेरल्डचं ते जुनं इंजिन कुणी उचललं होतं का अजून विचारत असतो.