आधी दोरी, मग लंगोट

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून मावसबहिणीचा मेसेज आला. "ताई, मार्चमध्ये येशील तेव्हा तिकडची कापडी डायपर घेऊन ये की. चांगली कुठली असतात?" सोबत रंगीत फोटो, कुणावर हत्ती, कुणावर चांदण्या. जूनमध्ये तिचे दिवस भरतायत. मी उलट विचारलं, जूनमध्ये तू ती वाळत कुठं घालणार? थोड्या वेळानं तिनं फुलेवाडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीचा फोटो पाठवला. चार फुटांची ग्रिल, दोन दोऱ्या, आणि दोन्ही आत्ताच भरलेल्या. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथं नीट लिहिते. इंग्लंडात लीड्सला आल्यापासून कोल्हापूरच्या तीन-चार मैत्रिणींनी मला हाच प्रश्न विचारलाय.

माझी थोरली सव्वादोन वर्षांची, धाकटा चार महिन्यांचा. सध्या दोघंही कापडातच आहेत. तान्ह्याचे दिवसाला दहा-बारा, थोरलीचे पाच-सहा. म्हणजे घरात कायम काहीतरी भिजतंय, धुतंय नाहीतर वाळतंय.

थोरली नोव्हेंबरातली. आई बाळंतपणाला आली ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून आख्खा बाळंतविडा घेऊन. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, मेणकापड, आणि आज्जीच्या जुन्या सुती लुगड्यांचे चाळीसेक लंगोट. इतक्यांदा धुतलेलं कापड, की हातात घेतलं तर सायीसारखं लागायचं. मी मात्र आधीच जुन्या वापरलेल्यांतून अठरा कापडी नॅपी (डायपरला इथं नॅपी म्हणतात) घेऊन ठेवल्या होत्या. त्यांना इथं 'ऑल इन वन' म्हणतात. आत बांबूच्या धाग्याचे जाड थर, बाहेर पाणी न झिरपणारं कापड, कडेला इलॅस्टिक, पुढं बटणं, सगळं एकत्र शिवलेलं. बाळाला घालायला त्यांच्याइतकं सोपं काही नाही. नवरा पहिल्या दिवसापासून न विचारता बदलायला लागला.

पण डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर ढग, बाहेर टाकलेलं कापड सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त ओलं. म्हणून छोट्या खोलीत दोरी बांधली. एका रात्री दोनच्या सुमाराला थोरलीला पाजून झालं आणि बदलायला कोरडी नॅपीच नव्हती. आई उठली, दोरीवरची एक काढून तिनं गालाला लावली. वरून सुकल्यासारखी वाटत होती. मग बोटानं मांडीकडची शिवण उलटी करून पुन्हा गालाला लावली. "आत बघ की, अजून गार लागतंय. दोन दिस झाले हिला." आणि शेजारच्या दोरीवरचा लुगड्याचा लंगोट काढून माझ्या हातात दिला. संध्याकाळी सातला टाकलेला, कडकडीत वाळलेला.

त्या एका गालाच्या स्पर्शानं मला या विषयातलं निम्मं कळलं. जे कापड जास्त शोषतं ते वाळायलाही जास्त वेळ घेतं, आणि थर एकत्र शिवले की वारा मधे शिरतच नाही. एकेरी कापड घडी घालून जाड करायचं आणि उलगडून वाळवायचं, ही आपल्या बायकांची रीत मी आजवर गरिबीतली सोय समजत होते. ती चांगली विचारपूर्वक केलेली रचना आहे.

फक्त त्यात एक उणं होतं. लंगोट ओला झाला की झबलं, दुपटं, आईचा पदर सगळं ओलं. आपल्याकडं त्यावर उपाय मेणकापड, पण ते बाळाखाली राहतं, बाळाला गुंडाळता येत नाही. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईनं 1940च्या दशकात न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरून घालायचं आवरण शिवलं. पुढं ती पॅराशूटच्या नायलॉनची आवरणं करायला लागली आणि 1949मध्ये ती न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आली. आजचं आवरण पातळ पॉलिस्टरचं असतं, आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला. वाफ थोडीफार बाहेर जाते, पाणी जात नाही. लंगोट ओला झाला की तेवढाच बदलायचा, आवरण पुसून पुन्हा घालायचं. शी लागली तरच धुवायला.

हे मला कळलं ते इथल्या नॅपी लायब्ररीत. पुस्तकांसारख्या नॅप्या उसन्या देतात. थोडी अनामत ठेवायची, चार-सहा आठवडे वेगवेगळे प्रकार वापरायचे, धुऊन परत करायचे. चालवणाऱ्या सगळ्या आयाच, बहुतेक जणी बिनपगारी. तिथल्या बाईनं माझ्यापुढं सगळे प्रकार मांडले आणि पहिला प्रश्न विचारला, घरात ड्रायर आहे का? माझ्या बहिणीला मी जे विचारलं ते तिच्याकडूनच शिकलेलं.

'ऑल इन वन' आणि लंगोट-आवरण या दोन टोकांच्या मधेही प्रकार आहेत. एक खिशाचा. बाहेर आवरण, आत मऊ फ्लीसचं अस्तर, आणि मधल्या खिशात शोषणारी घडी सरकवायची. धुताना घडी बाहेर काढायची, म्हणजे दोन्ही वेगवेगळं लवकर वाळतं. फ्लीसमधून ओल आत जाते आणि अंगाला कोरडं लागतं. दुसरा प्रकार सगळा शोषणाऱ्याच कापडाचा, आकार देऊन शिवलेला, त्यावरून वेगळं आवरण. रात्री तो सगळ्यात भरवशाचा. घड्यांमध्ये मायक्रोफायबर झटकन शोषतो आणि झटकन वाळतो, पण दाबला की पाणी सोडतो आणि थेट कातडीला लावायचा नाही, कोरडी पडते. हेम्प, म्हणजे अंबाडीसारखा जाड धागा, सावकाश शोषतो पण धरून ठेवतो. म्हणून वर सुती नाहीतर बांबू, खाली हेम्प. सुती, बांबू, हेम्प नवे असताना पाणी नीट धरत नाहीत. पाच-सहा धुण्यांनंतर खरे कामाला लागतात, तेव्हा आधीच धुऊन ठेवा.

'जन्मापासून नॅपी सुटेपर्यंत एकच माप' असं लिहिलेल्या नॅपीवर तान्ह्यासाठी विसंबू नका. बटणं सगळ्यात खाली लावली तरी तीन किलोच्या बाळाच्या मांडीपाशी फट राहते आणि स्तनपानाची पातळ, मोहरीच्या रंगाची शी नेमकी तिथूनच बाहेर येते. पहिले दोन-अडीच महिने साधा चौकोनी लंगोट आणि छोट्या मापाचं, मांडीला दुहेरी झालर असलेलं आवरण. नाळ पडेपर्यंत पुढची कड खाली दुमडायची, नाळेला ओल लागता कामा नये. आवरणाची कड चड्डीसारखी जांघेत बसली पाहिजे, मांडीवर नाही.

आता कोल्हापूर. थोरली आठ महिन्यांची असताना जुलैत आम्ही घरी आलो. मी मोठ्या उत्साहानं सगळ्या जाड नॅप्या बॅगेत भरून नेल्या. घरचा पाऊस मी विसरले होते. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या मावशींनी एक नॅपी हातात तोलून धरली आणि म्हणाल्या, "ताई, एक पिळायला माझं मनगट जातंय. आईंची पातळ लंगुटं दहा देवा, पण हे नको." मी काय बोलणार? बोअरच्या जड पाण्यात तो साबण त्या थरांतून निघतच नव्हता. लीड्सचं पाणी हलकं आणि मशीन साठ अंशांवर अडीच तास घुसळतं. कोल्हापुरात ते सगळं एका बाईच्या मनगटावर आलं होतं. आपल्या घरात निवडणारी एक आणि धुणारी दुसरी असते. ज्या घरात धुणं हातानं होतं, तिथं धुणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय जाड नॅपी आणू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवसापासून जाड मी स्वतः धुतल्या.

त्याच आठवड्यात आईनं पावसाळ्यातली जुनी पद्धत काढली. शेगडीत निखारे, त्यावर उपडं डालगं, डालग्यावर लंगोट पसरलेले, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा. तासाभरात लंगोट ऊन ऊन आणि वासाचे. मी बघून एक आवरणही पसरलं. दहा मिनिटांत आतला थर फोडासारखा उठला आणि कापडापासून सुटला. तेव्हा सांगते, आवरणं शेगडीवर नाही, इस्त्रीखाली नाही, तापलेल्या रेडिएटरवरही नाही. नुसती वाऱ्यावर. ती पातळ असल्यामुळं तशीच वाळतात.

धाकट्याच्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. आधी घरातली दोरी मोजली, मग खरेदी. आई येताना इचलकरंजीचं मलमल ताग्याच्या भावानं घेऊन आली. आपल्या जिल्ह्यातच 1904मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाचं नशीब बदललं. अजून सुती कापड घ्यावं तर तिथूनच. पाऊण मीटरचे तीस चौकोन. "तू झोप, मी शिवतो की," म्हणत (आमच्याकडच्या बायका 'करतो-जातो'च म्हणतात) तिनं चार रात्रींत सगळ्या कडा दुमडून टीप मारली. त्याच्या जोडीला टर्किश टॉवेलच्या कापडाचे बारा चौकोन आणि पाच आवरणं. थोरलीला दिवसा खिशाच्या पंधरा, रात्री जाड शिवलेल्या, आत हेम्पची जास्तीची घडी. तीन-चारच जाड लागतात, त्यामुळं त्या दोन दिवस वाळल्या तरी चालतं.

धुण्याबद्दल तपशीलात सांगते, कारण लोक सोडतात ते इथं. पूर्वी बादलीत भिजत टाकायचे. आता झाकणाच्या डब्यात कोरड्याच ठेवते, इलॅस्टिक कुजत नाही आणि बादलीत मूल पडायची भीती नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधी गार पाण्याचा एक छोटा फेरा, मग पावडर मापानं पूर्ण घालून साठ अंशांवर मोठा. पावडर कमी घातली तर लघवीचा उग्र वास राहतो आणि अंग लाल होतं. कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी अजिबात नाही. ते धाग्यावर थर धरतं आणि कापड शोषेनासं होतं. रॅशचं जाड मलम लावायचं असेल तर मधे जुन्या कापडाची पट्टी घाला, मलमही धाग्यात बसतं. नुसतं अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, तशीच मशीनला चालते. वरचं खायला लागलं की आधी संडासात झटकायची. पिवळे डाग राहिले तर ओलंच उन्हात टाका. कोल्हापूरच्या उन्हात एका दुपारी जातात, लीड्सच्या ढगाळ उजेडात तीन दिवसांनी, पण जातात.

पर्यावरणाचं विचाराल तर तिथंही प्रश्न दोरीपाशीच येतो. ब्रिटनच्या सरकारी खात्यानं 2008मध्ये हिशोब केला तेव्हा, सरासरी घर जसं धुतं-वाळवतं तसं धरून, टाकाऊ आणि कापडी यांचा कार्बन जवळजवळ सारखा निघाला. मशीन भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या मुलालाही तेच वापरलं तर कापडीचा सुमारे 40 टक्क्यांनी उतरत होता. 2023च्या नव्या अहवालात कापडी सुमारे 25 टक्क्यांनी कमी आल्या. टाकाऊमध्ये मोठा वाटा बनवण्याचा, कापडीत तापवलेल्या पाण्याचा आणि वाळवण्याचा. ड्रायरमध्ये रोज जाड नॅप्या फिरवणारं घर हा फायदा हळूहळू घालवतं. आणि आपल्याकडं टाकाऊ डायपर घंटागाडीतून कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर जातो, तिथं आतलं प्लास्टिक आणि पाणी धरणारे दाणे कुजत नाहीत. ते कुणीतरी हातानं वेगळं करतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी टाकाऊ मी वापरले. विमानात, मुंबईहून कोल्हापूरच्या गाडीत, आणि दोन्ही बाळंतपणांत पहिल्या दहा रात्री, टाके दुखत असताना. त्याबद्दल कुणा बाळंतिणीनं मनाला लावून घेऊ नये.

कापडाचं एक मात्र मला फार मोलाचं वाटतं. इथल्या नर्सनं पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा ओल्या नॅप्या व्हायला हव्यात असं सांगितलं होतं, म्हणजे दूध पुरतंय हे कळतं. टाकाऊमध्ये मला कळेचना, ओलं आहे की नाही. आई लंगोट मोजायची आणि संध्याकाळी सांगायची, "आज नऊ. पोट भरतंय त्याचं." तिसऱ्या महिन्यापासून ती त्याला झोपेतून उठला की पाय धरून 'श्श्श' करत बसवते. आता रोज दोन-तीन लंगोट कोरडेच राहतात. थोरलीला खिशातली सुती घडी फ्लीसच्या वरून, थेट अंगाला लागेल अशी ठेवली की ती स्वतः येऊन सांगते, "आई, ओलं." म्हणून दिवसा आता घडी वरूनच ठेवते.

तर बहिणीला सांगितलं ते एवढं. जून ते सप्टेंबर पातळ मलमलचे पस्तीस चौकोन, चार छोटी आवरणं. इथून आणायची ती फक्त आवरणंच. जाड काही नको, खिशाच्या दिवाळीनंतर बघू. मावशींना आधी विचार, त्यांचे पैसे वाढव.

काल तिचा परत फोटो आला. तिच्या सासऱ्यांनी पॅसेजमध्ये पंख्याखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन नव्या दोऱ्या ताणल्यात. खाली लिहिलंय, "एकूण चौतीस फूट झालं ताई. रविवारी इचलकरंजीला जातोय."