नऊ कृत्तिका

आकाशदर्शनाच्या शिबिरात कृत्तिकांच्या झुबक्यातले तारे मोजता आले नाहीत. झालं ते एवढंच. शनिवारची गोष्ट, पण अजून जेवताना मध्येच हात थांबतो. हिने विचारलं, काय बिनसलंय. थंडी बाधली म्हणून सांगितलं.

आकाश कमी पडलं म्हणावं तर तीही सोय नाही. शिबिर पेंच व्याघ्र प्रकल्पात. त्याला 2024च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं रान, म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नाही. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले लावले. गावांनी ते आपलंसं केलं, याचं मला फार अप्रूप आहे. त्यात पौष अमावास्येच्या जवळचा शनिवार, हवा कोरडी, डोळे दिपू नयेत म्हणून शिबिरातल्या प्रत्येक टॉर्चला लाल जिलेटीन. पानगे आणि वांग्याची भाजी उरकून चांगला अर्धा तास अंधारात डोळे मुरवले. सगळं जागच्या जागी होतं.

आणि वर बघतो तर कृत्तिकांच्या जागी कापसाचा बोळा. बरोबर डोक्यावर. त्यात चार तारे, पाचवा असेल-नसेल. नजर तिरपी करून पाहिलं, चष्मा पुसला, खुर्ची मागे कलती केली. पाचवा आला आणि गेला.

शिबिरात कृत्तिका मी दाखवायच्या हा रिवाजच पडून गेलेला आहे. पुराणात कार्तिकेयाच्या आया सहा, पण तैत्तिरीय ब्राह्मणात नावं सात आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती, चुपुणीका. एकेक नाव घ्यायचं आणि बोटाने तारा दाखवायचा. परवाही नावं सगळी आली. बोट मात्र वर्षयन्तीपाशी नुसतंच हवेत फिरलं. अंधारात कुणाला कळलं नसेल. मला कळलं.

अण्णांची दुर्बीण यंदा त्यांच्या पुतण्याने आणली होती. त्यावर आज नाही लिहीत.

साडेआठच्या सुमारास पलीकडच्या शेतात रात्रीची लाईन आली, मोटार सुरू झाली आणि धुऱ्यावरून एक पांढरा टॉर्च चालत निघाला. आपल्यातलाच एक पोरगा ओरडला, ‘ओ काका, लाईट बंद करा!’ त्या माणसाने खरंच बंद केला. वाघाच्या रानाला लागून असलेल्या शेतात, गव्हाला पाणी द्यायला निघालेला माणूस. मी त्या पोराला बोललो. पण मन थाऱ्यावर नव्हतं, जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललो नाही.

मन कृत्तिकांतच. कारण मला ठाऊक आहे, दर शिबिरात मीच ते समजावून सांगतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीनंतर पाचाच्या आसपास थांबते. म्हणजे त्याच आकाशाखाली, त्याच रात्री डोळ्यात प्रकाश निम्माच शिरतो. त्यात डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडलेलं. मृगातला राजन्य तारा निळसर पांढरा असतो हे मी शेकडो लोकांना दाखवलंय. परवा तो नुसता पांढरा होता. व्याधाच्या ताऱ्याला चहूबाजूंनी केस फुटलेले. धाकटी कधीची म्हणतेय, बाबा, समोरच्या गाडीच्या दिव्यांना फुलं दिसतात ना, मग रात्री गाडी चालवू नका. मोतीबिंदू हा शब्द तिने काढला नाही. मीही नाही.

घाटात नाही, शहरात नाही, इतक्या काळ्या रात्रीत येऊन उजेड माझ्याच डोळ्यात अडावा, हे फार लागलं. जन्मभर वरच बघत आलो आणि आता वरचंच पुसायला लागलं. 2019 संपता संपता मृगातला तांबडा तारा काक्षी मंदावला तेव्हा आम्ही रोज रात्री गच्चीवर जाऊन त्याची तेजस्विता शेजारच्या ताऱ्यांशी ताडून वहीत मांडायचो. पुढे कळलं, त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीचा ढग आड आला होता. तारा होता तिथेच होता. हे आत्ता लिहिताना आठवलं आणि जरा बरं वाटलं.

गावातली शाळकरी पोरं आली होती. त्यातली एक, स्वेटरवरून स्कार्फ बांधलेली, माझ्या खुर्चीला टेकून वर मोजत होती. ‘आठ हायेत आजोबा. नाही, नऊ. थो एक बारकासा बी हाय ना.’ मग माझ्याकडे वळून, ‘तुमाले नाही दिसत काय?’

नाही म्हणालो. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. तिला वही आणि पेन्सिल दिली, लाल टॉर्च धरला. वर बघायची, एक ठिपका द्यायची, पुन्हा वर. खोडायला मागितलं नाही. चौकटीतले तारे नीट जागच्या जागी, आणि टोकाला एकमेकांना खेटून दोन ठिपके. ते दोन सुटे दिसायला फार चांगली नजर लागते, आणि ती जोडी कागदावर कुणी तिला शिकवलेली नव्हती. 440 प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड त्या पोरीच्या डोळ्यात पुरा उतरत होता. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू. पण पान उलटून तिने विचारलं, ‘आणखी काय आहे दाखवाले?’, तेव्हा मी उठलो होतो.

देवयानी दीर्घिका पश्चिमेला उतरणीला लागली होती. दुर्बिणीवरच्या फाइंडरमध्ये, नेम धरायच्या छोट्या नळीत, मला काही म्हणता काही उमगलं नाही. भाद्रपदांच्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून दोन तारे पुढे, तिथून वळून दोन वर. नळी हाताच्या सवयीने नेली. ‘बघ, काही आहे?’ ती म्हणाली, ‘धुक्कं हाय.’ तेच! पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूरचं धुकं. मग रांग लागली आणि साडेदहापर्यंत दुर्बीण मीच लावत होतो, बघत पोरं होती.

आज धाकटीला फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. तिने एका शब्दाने विचारलं नाही, शहाणी आहे. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायची, दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी भिंगं असतात, पण त्यांनी रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तेव्हा मला फक्त दूरचं, साधं भिंग हवं, हे आधीच सांगून ठेवणार आहे. पेपर वाचायला चष्मा लावेन.