वॉरंटीत बसत नाही म्हणे

ऑटोमॅटिक गाडी घेतली ती मुळात आमच्या बडोद्यातल्या मांडवी-रावपुऱ्याच्या ट्रॅफिकसाठी. डाव्या पायाला आराम मिळावा, बाकी आमची काही मोठी हौस नव्हती. आणि ही नेमकी त्याच ट्रॅफिकमध्ये चालत नाही.

म्हणजे होतं असं की संध्याकाळी सुरसागरच्या बाजूने दांडिया बाजारकडे मुंगीच्या पावलांनी सरकायला लागलं की थोड्या वेळात गाडी खालून थरथरायला लागते, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसतो, आणि उन्हाळ्यात तर कधीकधी डॅशबोर्डवर मेसेज येतो की गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी सुरक्षित जागी थांबवा. मांडवीत सुरक्षित जागा! पुढे लारी, बाजूला बुलेट उभी, मागे रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि गाडी म्हणते थांबा.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार दाखल करायचीय आणि मला नसत्या भानगडी नकोत. शिवाय ह्या प्रकारचे गिअरबॉक्स एकापेक्षा जास्त कंपन्या लावतात. ह्यात दोन क्लच (इंजिनची ताकद गिअरला जोडणारा-सोडणारा भाग) असतात, एक १-३-५ साठी, दुसरा २-४-६ साठी, एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो म्हणून हायवेवर मजा येते, ते कबूल. पण आमच्या गाडीतले क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. ट्रॅफिकमध्ये गाडी सरकते तेव्हा क्लच पूर्ण लागत नाही, अर्धवट घासत राहतो (मॅन्युअलवाले चढावर हाफ क्लचवर गाडी धरतात तेच, फक्त इथे कॉम्प्युटर धरतो). घासलं की उष्णता, ती ओढून न्यायला तेल नाही, आणि मे महिन्यात बडोद्यात बाहेरच ४२-४३ डिग्री. हे मला वाडीतल्या आमच्या मिस्त्रीने दहा मिनिटांत समजावलं, चहा पिता पिता. त्याला म्हणलं मग उघडून बघ ना, तर हात जोडले त्याने, "साहेब, वॉरंटीमां छे, हुं हाथ लगाडुं तो ए लोको तमने ज पकडशे." बरोबरच होतं त्याचं. ज्याला कळलंय त्याला हात लावायची परवानगी नाही आणि ज्याला परवानगी आहे त्याला काही दिसत नाही.

कारण सर्व्हिस सेंटरवाले टेस्ट ड्राइव्हला कुठे नेतात, तर माकरपुऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर, भर दुपारी. साठच्या स्पीडला कुठली गाडी थरथरणार? म्हणलं चला संध्याकाळी सातला मांडवीत, तर म्हणे टेक्निशियन सहाला निघतो. मग स्कॅनर लावतात, त्यात बिघाडाचा कोड नाही, म्हणजे दोष नाही. मग तो अॅडव्हायझर, मुलगा चांगलाय हो, त्याच्यावर राग नाही माझा, तो गोड हसून म्हणतो "सर, आ तो नॉर्मल छे, आ मॉडेलमां बधी गाडीमां आवुं थाय." अरे बधी गाडीमां होतं म्हणजे तर जास्तच वाईट ना! पण नाही, त्यांच्या हिशेबात सगळ्याच गाड्यांत जे होतं तो दोष नसतोच.

एकदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, कॉम्प्युटरला क्लचचं सेटिंग परत शिकवलं, काही आठवडे बरी चालली, परत तेच. शेवटी कबूल केलं की क्लच बदलावे लागतील. आणि मग बाँब, की क्लच हा झिजणारा पार्ट, तो वॉरंटीत बसत नाही. मी म्हणलं गाडीत क्लचचं पेडलसुद्धा नाही, मी कसा झिजवला? कॉम्प्युटर तुमचा, क्लच तुमचे, कधी किती लावायचा ते तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि झीज माझ्या नावावर?

त्या रात्री ते वॉरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. वॉरंटी एका पानावर आहे आणि काय काय वॉरंटीत नाही ते पुढची कित्येक पानं. क्लच, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, रबराचे बुश नाहीत. टायर आणि बॅटरी ज्याने बनवली त्याच्याकडे जा. उंदराने वायर कुरतडली तर नाही. सर्व्हिसची तारीख चुकली तर हुज्जत, बाहेरून सीएनजी किट लावला तर विषयच संपला, आणि गुजरातेत सीएनजीशिवाय गाडी म्हणजे लोक विचारतात बरंय ना सगळं. वरून आम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली, तिची वगळलेल्या गोष्टींची यादी वेगळी आणि आणखी लांब. आणि सगळ्याच्या वर एक वाक्य, की दोष आहे की नाही हे कंपनी ठरवणार. आरोपीच न्यायाधीश.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची २६ फुटांची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली, अकोटा-समा-फतेगंजकडे सोसायट्यांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या, मगरी आल्या. तेव्हा वॉरंटीने हात वर केले तर मला पटलं, पुराला कंपनी काय करणार, ते काम इन्शुरन्सचं. (तिथेही पाण्यात इंजिन चालू केलं आणि इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर रडा.) पण इथे ना पूर ना उंदीर, गाडी फक्त शहरात चालवली.

घरी सौ. म्हणते, "अहो विकून टाका ना, कशाला डोक्याला ताप." विकेन, पण घेणाऱ्याला काय सांगू? न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारायची म्हणजे सर्व्हिस सेंटर आणि माझ्यात फरक काय राहिला.

आमच्या नात्यातले एक काका वकिली करायचे, त्यांच्याकडे गेलो. मला वाटलेलं सरळ गाडी बदलून मागू. काका म्हणाले, "अरे, अमेरिकेत लेमन लॉ आहे, १९८२ ला कनेक्टिकटने पहिला केला, ठरावीक वेळा दुरुस्त करूनही तोच बिघाड राहिला तर गाडी परत. आपल्याकडे तसा कायदा नाही." उलट आपल्याकडे २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा, त्यातही भांडण क्लचचंच, आणि कोर्टाने म्हटलं की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून द्यायचं वचन आहे, अख्खी गाडी नाही. १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावून दुरुस्त, करायला लावू शकतं, पण ते सुरक्षेशी किंवा प्रदूषणाशी संबंधित दोषासाठी, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. भर चौकात गाडी मेली तर ती सुरक्षा नाही का, हे मी काकांना विचारलं, ते नुसते हसले.

मग राहतो ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार करता येते, १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. हे सगळं सोपं. अवघड आहे पुरावा. काका म्हणाले "आधी तुझी जॉब कार्डं काढ, गाडी सर्व्हिसला देताना तक्रार आणि काम लिहितात ते कागद."

काढली. आणि खरं सांगतो, धक्का बसला तो इथे. प्रत्येक कार्डावर ग्राहकाची तक्रार ह्या रकान्यात "जनरल चेकअप", फार तर "पिकअप कम". केलेलं काम: तपासलं, ओके, वॉशिंग. मी जाऊन घसा कोरडा करून सांगत होतो आणि कागदावर मी एक असा माणूस आहे ज्याला गाडी धुऊन घ्यायची हौस आहे.

पुढच्या वेळी काउंटरवरून हललोच नाही. म्हणलं लिही, "वीस मिनिटं ट्रॅफिकनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर, गिअरबॉक्स गरम झाल्याची वॉर्निंग." तो म्हणे सिस्टिममां ऑप्शन नथी. स्क्रीन माझ्याकडे फिरव म्हणलं, रिमार्क्सचा एवढा मोठा चौकोन रिकामा पडलेला होता. तिथे टाइप करून घेतलं, प्रिंट काढली, मग सही केली. मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ होताच (बायकोने काढलेला, मागे हॉर्नांचा कोरस), तो आणि ते कार्ड जोडून कंपनीला मेल केला.

गंमत बघा, इतके दिवस जो दोष नव्हता त्याच्यासाठी आठवड्यात वरच्या साहेबाचा फोन. म्हणे दोष आम्ही मानत नाही, पण तुम्ही जुने कस्टमर, क्लचची अर्धी किंमत आम्ही भरतो, लेबर तुमचं. म्हणलं ठीक, हेच मेलवर लिहून द्या. तेव्हापासून फोन शांत.

वॉरंटी फेब्रुवारीत संपतेय, तक्रार त्याच्या आधी टाकणार, कागद सगळे स्कॅन करून काकांकडे दिलेत. बडोद्यात कुणाकडे अशी थरथरणारी गाडी असेल तर आज जॉब कार्ड काढून बघा त्यावर काय लिहिलंय, आणि "जनरल चेकअप" असेल तर मला कळवा, तीन-चार जण झालो तर काका म्हणतात एकत्र जाता येईल.